तीन वेळा भोंगा

मु. कातळवाडी, सावर्ड्याच्या पुढे सहा मैल
दि. ९ नोव्हेंबर १९८६

चि. केरूस,

यावेळचं पत्र फाडायच्या आधी पहिलं पान तरी वाच. दुसरं पान तुझ्या मर्जीवर सोडलं.

दिवाळीत तुझी मामेबहीण दमयंती मुंबईहून येऊन गेली. तिने तुझ्या गाडीचा फोटो आणला होता. रंगीत. उंच खांबांवर पूल, पुलावर रूळ, रुळांवर पांढरी गाडी आणि पाठीमागे बर्फाचे डोंगर. म्हणाली, "आतोबा, केरूदादा ही गाडी चालवतो."

मी म्हटलं, "चालवतो कसा? तो तर इंजिनिअर."

"अहो चालवत कुणीच नाही, तीच तर गंमत! ड्रायव्हरच नाही तिला. विजेवर पळते, कॉम्प्युटर हाकतो. वेळ झाली की दारं आपोआप लागतात नि निघाली. दादा लांब एका खोलीत दिव्यांच्या फळ्यासमोर बसून कुठली गाडी कुठे आहे ते बघतो."

फोटो मी भिंगातून बघितला. पुढच्या काचेमागे एक लहान मुलगी बसली आहे, नाक काचेला चिकटवून. बरोबर त्या जागी, जिथे स्टिअरिंग हवं. एकतीस वर्षं मी त्या जागेवर बसलो, केरू. अंगावर खाकी, पायाखाली क्लच, पाठीमागे पन्नास माणसांचा जीव. ती जागा आता कुणीही बसावं म्हणून मोकळी सोडली आहे हे बघून पहिल्यांदा मला कसंसंच झालं. मग हेवा वाटला. हात मांडीवर ठेवून नुसतं बघत जायचं!

तुला आठवतं का, घाट चढताना मी कविता म्हणायचो? शाळा सातवीला सुटली, कविता सुटली नाही. आमचे गुरुजी उभं करून चालीवर म्हणवून घेत आणि चुकलं की बाकाच्या कडेवर ताल धरत. पहिल्या गिअरला इंजिनाचा जो आवाज होतो ना, त्यावर भुजंगप्रयात बरोबर बसतं. तू बॉनेटवर बसून माझ्याबरोबर म्हणायचास. पॅसेंजर हसायचे.

तुझ्या गाडीला भोंगा आहे का? कुणासाठी वाजवतात? वाजवतो कोण?

आपल्या गाडीचा रबरी भोंगा तुला मीच शिकवला. लांब एकदा दाबला तर 'वाट मोकळी, निघालो.' आखूड दोनदा तर 'मागच्याने पुढे जावं.' आणि आखूड तीनदा, थांबून पुन्हा तीनदा, म्हणजे 'थांबा, कुणाच्या तरी जिवावर बेतलंय.' ही तिसरी खूण कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हती. मी आणि जैनुद्दीन कंडक्टरने ती आमच्यापुरती ठरवली होती आणि तिसरा तू. गाडी मोडीत निघाली तेव्हा तो भोंगा मी मागून घेतला. ओटीवर खुंटीला टांगलेला आहे.

आता कामाचं. माझा उजवा खांदा वर होत नाही. पालखीखाली मी आता उभा राहू शकत नाही. गावकी म्हणते, या शिमग्याला धनावड्यांच्या घरचा माणूस खांद्याला आला नाही तर मान दुसऱ्या घराला जाईल. घरचा माणूस म्हणजे तू. दुसरं कोण आहे?

ये. चार दिवस ये. बोलला नाहीस तरी चालेल.

भागोजीचे आशीर्वाद


दि. २८ डिसेंबर १९८६

चि. केरूस,

उत्तर नाही. ते गृहीत धरूनच लिहितो, म्हणजे हाताला वाईट वाटत नाही.

तुझ्या गाडीचा फोटो गावभर फिरला. रावजी गावकराच्या पडवीत काल त्यावर सभाच भरली. रावजी आता सत्तरीचा झाला तरी आवाज तोच. म्हणाला, "सगलं खरं, पन म्हस आडवी आली तर शिव्या कोन घालनार?"

मी म्हटलं, "रूळ खांबांवर आहेत. तिथे म्हैस चढत नाही."

"आमची चढंल."

जैनुद्दीन मुद्दाम त्याच्या गावाहून आला होता, खाडीकडून, बांगडे घेऊन. त्याने फोटो उलटासुलटा करून विचारलं, "आनि तिकीट कोन फाडतो?"

"मशीन."

"म्हंजे भागोजी, तू बी गेलास नि मी बी. आपल्या दोगांना आता काचंच्या कपाटात ठेवा."

गोदूबाई, जी मला दोन वेळची भाकरी आणून देते, ती म्हणाली, "ड्रायवर न्हाय तर मानसं चढतात कशी? माजा तर पायच न्हाय उचलायचा." त्यावर जैनुद्दीन: "तुजा पाय ड्रायवर असताना बी उचलत नव्हता. मागून दोन मानसं लागायची." हसून हसून रावजीला ठसका लागला.

मी हसत होतो, पण मनात तुझी गाडी पळत होती. रोज संध्याकाळी कातळावर जाऊन बसतो तेव्हा ती मला दिसते. कातळ सपाट, पिवळं गवत, वर आभाळ, आणि त्यातून आवाज न करता ती जाते. सगळ्या खिडक्यांत दिवे. तिच्यावर कविता करतो आहे, आपल्या घाटाच्या वृत्तात:

नसे सारथी अन् न घोडे रथाला
तरी धावतो हा दिव्यांच्या पथाला
न थांबे कुणीही कधी हाक देता

चौथी ओळ येत नाही. गुरुजी असते तर बाकावर ताल धरून बसले असते ती येईपर्यंत.

रावजीने जाताना पुन्हा विचारलं, "पोराचं काय?" मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, "न्हाय आला तरी राग नको धरूस. त्याच्या मनात ते बसलंय."

तुझ्या मनात काय बसलंय ते मला ठाऊक आहे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. पंचवीस वर्षं झाली. तुझी आई गाडीत होती, सातवा महिना, पहाटेपासून अंगावर जात होतं. दुसरं वाहन नव्हतं. रात्री वाडीत मुक्कामाला असलेली वस्तीची गाडी माझीच होती, तीच घेऊन चिपळूणच्या दवाखान्याला निघालो. सहाणेच्या, म्हणजे पालखी बसवतात त्या चौथऱ्याच्या, वळणावर पालखी आडवी आली. शिमग्यात पालखी रस्त्यावर असली की ड्रायव्हरने उतरून नारळ द्यायचा, हे तूही जाणतोस. उतरलो. तुझी आईच म्हणाली होती, नारळ देऊन या. गावकऱ्यांनी पालखी माझ्या खांद्यावर ठेवली. देवाला नाही म्हणता येत नाही. मग जे व्हायचं ते झालं. जैनुद्दीनने गाडीच्या नोंदवहीत शेऱ्यात तसंच लिहिलं आहे: पालखी आडवी, पस्तीस मिनिटे उशीर.

आपल्या घराला खांदा मिळाला तो त्या दिवशी. आजोबांचं गावकीशी भांडण झालं तेव्हापासून चाळीस वर्षं बंद होता. तो तुझ्या आईच्या जिवावर मिळाला असं तू म्हणतोस. मी म्हणतो, देवाने एक नेलं आणि एक दिलं.

यंदा थंडी चांगली आहे. मोहोर फुटू लागला आहे.

भागोजी


दि. २७ जानेवारी १९८७

चि. केरू,

तुझं पत्र आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. 'के' अजून तसाच काढतोस, मात्रा पुढे झुकलेली. पोस्टमन म्हणाला, आधी बसा, मग उघडा.

सात ओळी आहेत. पाठ झाल्या. तरी इथे उतरून काढतो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल:

"आप्पा, पत्रं मिळाली. एकही फाडलेलं नाही. गाडीला चालक नाही, म्हणून तिच्यातून कुणी मध्येच उतरून जात नाही. या कामाला मी का आलो असं दमयंतीने विचारलं होतं, त्याचं उत्तर हेच. शिमग्याला यायचं की नाही हे एका गोष्टीवर ठरवीन. त्या दिवशी मी भोंगा वाजवत होतो. तो तुम्हाला ऐकू येत होता का? एवढंच लिहा."

लिहितो.

नाही. ऐकू आला नाही. चार ढोल होते, दोन ताशे, शिंग, माणसांचा ओरडा. पालखीखाली माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तुझा भोंगा कुठून ऐकू येणार? नंतर जैनुद्दीनने सांगितलं तेव्हा मला कळलं की तू वाजवत होतास. आधी कळलं असतं तर पालखी टाकून धावलो असतो. देवाची पर्वा केली नसती.

ऐकू आला नाही, बाळा.

सावर्ड्याच्या पोस्टाची पेटी आता उद्याच उघडतील. तरी चालत जाऊन टाकून येतो.

तुझा
आप्पा


दि. २२ फेब्रुवारी १९८७

केरू,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

परवा दमयंतीचं पत्र आलं. तू तिकीट काढलंस. शुक्रवारी तेरा मार्चला विमानाने मुंबई, शनिवारी चौदाला सकाळच्या गाडीने चिपळूण. तू तिला फोनवर म्हणालास, "आप्पांना ऐकू आलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो, मला काय समजत होतं? इतकी वर्षं उगीच धरून बसलो." आणि रडलास, असं तिने लिहिलं आहे.

ते पत्र घेऊन मी सगळ्या वाडीत फिरलो. रावजीने तांदूळ पाठवले. जैनुद्दीनला निरोप गेला. गोदूबाई सकाळपासून घर सारवायला आली होती, म्हणत होती, "सायब येनार, हयसर कोळिष्टकं काय दाखवायची त्याला?" मी आत तुझी अंथरुणं उन्हात टाकायला काढत होतो. तिने ओटीवरचा भोंगा खुंटीवरून उतरवला, धूळ झटकली आणि सहज दाबला. रबर पार चिरलंय. तरी वाजला. घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा. ती हसली नि पुन्हा दाबला, आणि पुन्हा. "बघा, अजून वाजतंय की!"

तीनदा.

माझ्या हातातली गोधडी तिथेच राहिली. मी तिला घरी पाठवलं. आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत. सारवण अर्धं ओलं आहे आणि मी लिहायला बसलो आहे.

तुझी आई पुढच्या बाकावर होती, माझ्या मागे. तू तिच्या पायाशी. वळणावर पालखी होती हे खरं. गाडी थांबवली हे खरं. तुझी आई म्हणाली, "नारळ द्या नि लगेच या," हेही खरं. 'लगेच या' हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

नारळ दिला. दोन मिनिटं लागली असतील. रावजी तेव्हा पंचेचाळिशीचा होता, पालखीच्या पुढच्या दांडीला. त्याने गाडीत डोकावून बघितलं आणि तोच ओरडला, "वाट सोडा रं! भागोजीची बायको अडली हाय. गाडी जाव दे!" माणसं बाजूला झाली. पालखी त्यांनी चिंचेखाली नेली. रस्ता मोकळा होता, केरू. पुढच्या वळणापर्यंत एक माणूस नव्हता. मी गाडीकडे चार पावलं आलोही होतो.

मग मी मागे फिरलो.

का, ते सांगतो. सांगून काही उपयोग नाही हे मला कळतं. लहानपणी दरवर्षी मी पालखीमागून चालायचो. बाजूला लागलो तर म्हणत, धनावड्याचा पोर, मागं सर. माझे वडील मेले तेव्हा त्यांची हीच एक इच्छा राहिली होती. आणि त्या सकाळी मी खाकीत होतो, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, मागे सबंध गाडी उभी. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. माझ्या बायकोसाठी गाव बाजूला झाला होता. आज मागितलं तर नाही म्हणणार नाहीत, हे मला त्या एका क्षणात दिसलं. त्यांना माझी दया आली होती आणि ती दया मी वापरली.

मी म्हटलं, "रावजी, एकदा खांद्याला द्या."

तो म्हणाला, "आता? बाई गाडीत हाय नव्हं?"

मी म्हटलं, "दोनच मिनिटं."

त्यांनी दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. मी मागून घेतली.

आणि मी नाचलो. पालखी खांद्यावर आली की ती नाचवावी लागते, पण मी लागते म्हणून नाचलो नाही. मला बरं वाटत होतं. दांडी खांद्यात रुतत होती आणि मला आयुष्यात तितकं बरं कधी वाटलं नव्हतं. हे लिहिताना सुद्धा त्या खांद्याला ते आठवतं.

तेव्हा तू भोंगा वाजवायला लागलास.

पहिला ऐकला तेव्हाच मला कळलं. आखूड तीन. मग थांबलास, जसं मी शिकवलं होतं तसं मोजून थांबलास, आणि पुन्हा आखूड तीन. इतका नीट वाजवत होतास की ढोलवाल्याने तो ताल उचलला. माणसं ओरडली, "ड्रायवरचा पोर वाजवतोय रं! वाजीव!" सगळे हसले. तू आणखी जोराने वाजवलास. ढोल आणखी जोराने वाजला. आणि मी, ती खूण ज्याने ठरवली तो मी, त्या तालावर पाय टाकत होतो.

मला प्रत्येक वेळेचा भोंगा ऐकू आला.

मनाला सांगत होतो, पोर घाबरलंय, बायका अशा वेळी कण्हतातच, हा एवढा फेरा झाला की जातो. फेऱ्यामागून फेरे झाले. शेवटी जैनुद्दीनने येऊन माझा दंड धरला. तेव्हा मी उतरवली. पस्तीस मिनिटं त्याने घड्याळात बघितली होती. शेऱ्यात जे लिहिलं ते माझी नोकरी जाऊ नये म्हणून. पोर सांभाळायचाय याला, म्हणाला.

पुढे कामथ्याच्या घाटात तू माझ्या पाठीवर हात मारलास. मी वळून बघितलं नाही. रस्त्यावरून नजर काढता येत नाही, असं मी तुला ओरडून म्हटलं. घाट उतरला की चिपळूण दिसायला लागतं. तुझ्या आईने ते बघितलं की नाही मला माहीत नाही.

तू त्यानंतर बॉनेटवर कधी बसला नाहीस. महिन्याभरात मामा येऊन तुला घेऊन गेला, आणि मी अडवलं नाही, कारण तू घरात असलास की मला ओटीवरचा कोपरा बघवत नसे. तेव्हा भोंगा तिथे नव्हता. तू होतास.

आता हे का लिहिलं? न लिहिता गप्प बसलो असतो तर तू आला असतास. चौदा तारखेला मी तुला गाडीतून उतरताना बघितलं असतं. तुझ्या खांद्यावर पालखी आली असती आणि मी नारळ फोडला असता. याच्याहून मोठं काही मागायचं उरलेलं नाही माझं. पण तू आला असतास तो ज्याला ऐकू आलं नव्हतं त्या बापाकडे. तसा बाप इथे कुणी नाही. माझ्याकडून तुझ्या खांद्यावर ती दांडी आली असती आणि मला तो ताल ऐकू आला असता. हे एवढं मला झेपणार नाही.

हे पत्र तुला सहा-सात तारखेला मिळेल. तिकीट तोवर परत करता येत असेल.

भागोजी धनावडे


दि. २९ मार्च १९८७

केरू,

हे तू वाचशील असं धरून लिहीत नाही. पण मागचं पत्र तसंच शेवटचं ठेवलं तर त्याच्यापुढे काय झालं ते कुठेच लिहिलेलं राहणार नाही.

चौदा तारखेला मी चिपळूणला गेलो. येणार नाहीस हे समजत होतं, पण पत्रं हरवतात, उशिरा पोचतात. पहाटेची मुंबई आली. मग दहाची. मग दुपारची. प्रत्येक गाडीतून चाकरमानी उतरत होते, डोक्यावर ट्रंका, पोरांच्या हातात पिचकाऱ्या. जैनुद्दीन माझ्या शेजारी बसून होता. त्याने खजूर आणले होते, त्याच्या अयूबने आखातातून पाठवलेले, तुझ्यासाठी. दुपारच्या गाडीनंतर त्याने पुडी सोडली आणि म्हणाला, "खा. सकाळधरनं काय खाल्लं न्हायस." आम्ही दोघांनी ते खाल्ले.

दमयंतीचं पत्र एकोणीसला आलं. 'दादाने तिकीट रद्द केलं. कारण सांगत नाही. आतोबा, तुम्ही त्याला काय लिहिलंत?'

त्याआधी होळीच्या दिवशी सहाणेवर गावकी बसली होती. मी उभा राहिलो. म्हटलं, मला सांगायचं आहे. आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. रस्ता मोकळा होता, मी मागून खांदा घेतला, मला भोंगा ऐकू येत होता. वाटलं होतं कुणीतरी उठेल, थुंकेल, निदान मान फिरवील.

रावजी म्हणाला, "ते आमाला काय नवीन हाय? आमी हुतोच की थयसर."

दुसरा एक म्हणाला, "देवाचा खांदा घेतलास, त्यात पाप कसलं? बाईचं भरलं हुतं."

तिसरा म्हणाला, "पन काय नाचला हुतास रं भागोजी! तसा नाच पुन्यांदा न्हाय झाला."

आणि त्यांनी कौतुकाने माना हलवल्या, केरू. पंचवीस वर्षं मी जे लपवत होतो ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यांना त्यात लपवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. मला दोष देणारा एकच माणूस होता, आणि तो गाडीच्या काचेमागे नऊ वर्षांचा होता.

खांदा मी सोडला. कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवलं, मी विचारलं नाही.

आता त्या चौदा तारखेचं शेवटचं. संध्याकाळच्या गाडीने परत येत होतो. पुढच्या बाकावर बसलो होतो, ड्रायव्हरच्या मागे. तीच जागा. सहाणेच्या अलीकडच्या वळणावर शेजारच्या वाडीची पालखी रस्त्यावर होती. ड्रायव्हर तरुण आहे, गुहागरकडचा. त्याने गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि नारळ घेऊन उतरला. कंडक्टर उतरला. मग एकेक करत सगळी गाडी उतरली. एका बाईने मला म्हटलं, "आजोबा, या की, देव आलाय." मी नको म्हटलं.

रिकाम्या गाडीत मी एकटा. समोर स्टिअरिंग, आणि त्याच्यामागे कुणी नाही. इंजिन चालू, सगळा सांगाडा थरथरतोय. मला तुझ्या गाडीचा तो फोटो आठवला. त्या मुलीसारखा मी काचेतून बघत होतो. बाहेर ड्रायव्हर नाचत होता. चांगला नाचत होता.

आता रबरी भोंगे राहिले नाहीत, बटण असतं. बॉनेटच्या कडेने वाकलं की हात पोचतो. कशासाठी केलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या मागे कुणी अडलेलं नव्हतं. मी हात लांब केला आणि दाबलं. आखूड तीनदा. थांबलो. पुन्हा तीनदा.

बाहेर कुणीतरी ओरडलं, "वाजवा आजोबा, वाजवा!"

मी पुन्हा तीनदा वाजवलं. आणि ढोलवाल्याने ताल धरला.

आप्पा